दोन परीक्षणे

ती कादंबरी मी दोन रात्रींत वाचून काढली. एकशे नव्वद पानांची, इंग्रजीत भाषांतरित झालेली, आणि जिच्या लेखकाचे नाव त्यापूर्वी मी कधी ऐकलेही नव्हते अशी. दुसऱ्या रात्री पुस्तक मिटले तरी झोप येईना, म्हणून तिच्याविषयी आणखी काही वाचायला मिळते का ते मी पाहू लागलो. इंग्रजी विकिपीडियावर लेखकाविषयी एक छोटा लेख होता. त्यातल्या ग्रंथसूचीत या कादंबरीचे नाव होते, पण ते लाल अक्षरांत होते. ज्या पानाचा दुवा दिलेला आहे आणि जे पान अजून कोणी लिहिलेलेच नाही, त्याचा दुवा तिथे लाल दिसतो. त्या लाल दुव्यावर टिचकी मारून मी पहाटेपर्यंत लिहीत बसलो, आणि तोच माझा विकिपीडियावरचा पहिला लेख ठरला.

आज तो लेख आठवला की त्यातले प्रेम मला दिसते आणि त्याची उणीवही दिसते. अठराशे शब्दांचे कथानक, त्यानंतर निवेदनशैलीविषयी माझी मते, आणि संदर्भ म्हणून प्रकाशकाच्या संकेतस्थळाचा एकुलता एक दुवा. तिसऱ्या दिवशी लेखाच्या माथ्यावर सूचना लागली की, हा लेख ठेवावा की काढून टाकावा यावर चर्चा सुरू झाली आहे. सूचना लावणाऱ्या संपादकाने कादंबरीविषयी एकही वाईट शब्द लिहिला नव्हता. लेखक, प्रकाशक आणि हा लेख लिहिणारा सदस्य यांच्याखेरीज या पुस्तकावर आणखी कोणी काही लिहिले आहे का, एवढेच त्याने विचारले होते. मला तो प्रश्न अपमानासारखा लागला. मी चर्चेत लांबलचक उत्तर लिहिले आणि त्यात ती कादंबरी किती श्रेष्ठ आहे हे पोटतिडकीने सांगितले. कोणीही ते खोडून काढले नाही, कारण विचारलेल्या प्रश्नाशी माझ्या उत्तराचा संबंधच नव्हता.

त्यानंतरच्या वर्षांत मी अशाच चर्चांमध्ये दुसऱ्या बाजूला बसत आलो आहे. कादंबऱ्यांवरचे लेख राहावेत की जावेत हे ठरवण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत, आणि या कामातला बराचसा गोंधळ एका शब्दापासून सुरू होतो, असे माझे मत झाले आहे. विकिपीडियाच्या मराठी परिभाषेत त्या शब्दाला उल्लेखनीयता म्हणतात. रोजच्या मराठीत उल्लेखनीय हे विशेषण कौतुकाचे आहे. उल्लेखनीय यश, उल्लेखनीय कामगिरी असे आपण म्हणतो. शब्दाची घडणही तशीच आहे. वंदनीय म्हणजे वंदन करण्याजोगे, तसे उल्लेखनीय म्हणजे उल्लेख करण्याजोगे. ज्ञानकोशाला जे विचारायचे असते ते मात्र उल्लेखित या शब्दाच्या अधिक जवळचे आहे: उल्लेख झाला आहे का, कोणी केला, किती विस्ताराने केला आणि तो करण्यात त्याचा स्वतःचा काही लाभ होता का. पुस्तकाच्या योग्यतेचा निवाडा दुसऱ्या कोणीतरी आधीच, आपले नाव लावून, जबाबदार संपादन असलेल्या ठिकाणी केलेला असावा लागतो. आम्ही त्या निवाड्याची नोंद घेतो. म्हणूनच एखाद्या लेखाखाली ‘उल्लेखनीय नाही’ असा शेरा वाचून लेखकाला किंवा वाचकाला जो घाव बसतो, तो बऱ्याच अंशी या शब्दाच्या रोजच्या अर्थामुळे बसतो. मलाही तो तसाच बसला होता.

२००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाला कागदाची मर्यादा नाही. छापील ज्ञानकोशाच्या संपादकाला खंडांची संख्या, पानांची संख्या आणि बांधणीचा खर्च यांचा हिशेब करूनच नोंदी निवडाव्या लागत. इथे ती अडचण नसताना प्रत्येक कादंबरीला एकेक पान द्यायला काय हरकत आहे, असे नवे सदस्य नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण अडचण जागेची नाही, मजकुराची आहे. विकिपीडियावर लिहिणाऱ्याने स्वतःचे संशोधन किंवा स्वतःचे मत मांडायचे नसते, आणि प्रत्येक विधान वाचकाला कुठेतरी पडताळून पाहता आले पाहिजे. कथानक सांगायला खुद्द कादंबरीचा आधार पुरतो. परंतु ती कशातून सुचली, तिची भाषा कशी आहे, वाचकांनी आणि समीक्षकांनी तिचे काय केले, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या पुस्तकांशी तिचे नाते काय, यांतले काहीही सांगायचे तर ते आधी दुसऱ्या कोणीतरी लिहिलेले असले पाहिजे. तसे कोणी लिहिलेले नसेल तर लेखात कथानक आणि प्रकाशनवर्ष एवढेच उरते, आणि नुसता कथानकाचा गोषवारा म्हणजे ज्ञानकोशातला लेख नव्हे. पूर्ण लांबीच्या कादंबरीचे कथानक साधारण चारशे ते सातशे शब्दांत सांगावे, असा तिथला संकेत आहे. माझ्या अठराशे शब्दांनी कादंबरी वाचण्याचा आनंद तर हिरावून घेतलाच होता, पण तिच्याविषयी काही सांगितलेही नव्हते.

इंग्रजी विकिपीडियाने पुस्तकांसाठी पाच निकष ठरवले आहेत आणि त्यांपैकी एक जरी पूर्ण झाला तरी सामान्यतः पुरे मानले जाते. पुस्तकाला महत्त्वाचा साहित्य पुरस्कार मिळालेला असणे, त्यावरून एखादा दखलपात्र चित्रपट किंवा अन्य कलाकृती निर्माण झालेली असणे अथवा एखाद्या राजकीय वा धार्मिक चळवळीला त्याचा हातभार लागलेला असणे, दोन किंवा अधिक शिक्षणसंस्थांत ते अभ्यासले जाणे, आणि लेखक इतका थोर असणे की त्याची कोणतीही कृती अभ्यासाचा विषय व्हावी, हे त्यांतले चार. या चारांवर फारसे वाद होत नाहीत. पुरस्कार महत्त्वाचा की किरकोळ याची थोडी चर्चा होते, आणि लेखक प्रसिद्ध आहे म्हणून त्याची प्रत्येक कादंबरी आपोआप पात्र ठरत नाही हे पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते, एवढेच. या निकषांच्याही आधी एक किमान अट आहे, ती म्हणजे पुस्तक निदान डझनभर ग्रंथालयांत असावे आणि ते ज्या देशात निघाले त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सूचीत त्याची नोंद असावी. ही अट पूर्ण झाल्याने काही सिद्ध होत नाही. ती पूर्ण न झाल्यास मात्र बहुधा पुढे जाण्यात अर्थ नसतो.

खरे काम पाचव्या निकषाचे आहे, जो यादीत पहिला येतो. पुस्तकाशी संबंध नसलेल्या, स्वतंत्र अशा दोन किंवा अधिक प्रकाशित लेखनांचा ते पुस्तक विषय असले पाहिजे, आणि तो विषय जाता जाता आलेला नसावा. थोडक्यात, दोन परीक्षणे. ऐकायला हे फार सोपे वाटते. पण परीक्षण कशाला म्हणावे हे ठरवताना माणसाला वाचायला शिकावे लागते, आणि हे वाचणे कादंबरी वाचण्याहून वेगळे असते.

एका चर्चेत एका कादंबरीच्या बाजूने पाच वृत्तपत्रीय मजकूर सादर झाले होते. मी ते एकाखाली एक ठेवून वाचले. पाचांतल्या तीन मजकुरांत एक वाक्य जसेच्या तसे होते, आणि तेच वाक्य पुस्तकाच्या मलपृष्ठावरही होते. याचा अर्थ प्रकाशकाने पाठवलेले प्रसिद्धिपत्रक तिघांनी थोडेफार कापून छापले होते. उरलेल्या दोनांतला एक मजकूर प्रकाशन समारंभाची बातमी होती. त्यात व्यासपीठावर कोण होते ते होते आणि कादंबरीत काय आहे ते नव्हते. पाचवा मजकूर मात्र खरोखर परीक्षण होता. ते लिहिणाऱ्याला कादंबरीचा उत्तरार्ध आवडला नव्हता, आणि का आवडला नाही हे त्याने दोन प्रसंगांचा दाखला देऊन सांगितले होते. त्या चर्चेत कादंबरीच्या चाहत्यांनी नेमका हाच मजकूर शेवटी, जरा संकोचाने, जोडलेला होता. तो प्रतिकूल होता म्हणून त्यांना तो कमी मोलाचा वाटला. माझ्या दृष्टीने पाचांत तोच एक मोलाचा होता. नापसंतीसुद्धा दखलच असते, आणि ज्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचून त्याच्याशी भांडण मांडले त्याने त्या पुस्तकाला मोठा मान दिलेला असतो.

पैसे देऊन मिळवलेली परीक्षणे हा आणखी अवघड प्रकार आहे. १९३३ पासून चालत आलेल्या ‘कर्कस’ या अमेरिकी परीक्षण नियतकालिकाचा एक विभाग असा आहे की तिथे स्वतः पुस्तक काढणारे लेखक शुल्क भरून परीक्षण करवून घेतात. परीक्षक आपले मत प्रामाणिकपणे देत असेलही, पण दखल घेण्याचा निर्णय पुस्तकाबाहेरच्या माणसाने घेतलेला नसतो, म्हणून ते परीक्षण उल्लेखनीयतेच्या हिशेबात धरत नाहीत. त्याच नियतकालिकाच्या नेहमीच्या परीक्षणांना ही अडचण नाही. ‘गुडरीड्स’सारख्या ठिकाणी हजारो वाचकांनी दिलेले तारेही धरले जात नाहीत, आणि याचे मला प्रथम फार वाईट वाटले होते, कारण त्या वाचकांतलाच मी एक होतो. पण तिथे कोणीही, कितीही खाती उघडून, काहीही लिहू शकतो आणि छापण्यापूर्वी ते तपासणारा कोणी नसतो. पुस्तक विकणाऱ्या संकेतस्थळावरच्या पानाने तर पुस्तक विक्रीला आहे एवढेच कळते.

मग लेखकाची मुलाखत? ती स्वतंत्र मानावी का? मुलाखत घेणाऱ्याने प्रस्तावनेत कादंबरीचा स्वतःचा असा विचार केला असेल तर तेवढा भाग मी धरतो, आणि लेखक आपल्या पुस्तकाविषयी जे बोलतो ते धरत नाही. यावर वाद घालणारे बरेच भेटतात. आपल्या कृतीविषयी लेखकाइतके अधिकारवाणीने कोण बोलणार, असे ते विचारतात. हा वाद एकदा फार मोठ्या माणसाच्या बाबतीत झाला आहे. अमेरिकी कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या २००० सालच्या कादंबरीवरच्या विकिपीडिया लेखात असे म्हटले होते की, तिचा नायक अनातोल ब्रोयार्ड या लेखकाच्या आयुष्यावरून सुचला असावा. रॉथ यांनी ते चुकीचे असल्याचे कळवले, तेव्हा दुय्यम स्रोत, म्हणजे दुसऱ्या कोणी प्रसिद्ध केलेला आधार, हवा असे त्यांना उत्तर मिळाले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी ‘द न्यूयॉर्कर’मधून विकिपीडियाला उद्देशून एक दीर्घ खुले पत्र प्रसिद्ध केले आणि कादंबरीचा उगम आपले मित्र, प्रिन्स्टनचे प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन यांच्यावर ओढवलेल्या एका प्रसंगात असल्याचे सांगितले. ते पत्र प्रसिद्ध झाले आणि त्याच क्षणी त्याचा हवाला देता येऊ लागला. पुष्कळांनी त्या वेळी विकिपीडियाची हेटाळणी केली. मला मात्र त्या प्रसंगात दोन्ही बाजूंचे बरोबर वाटते. रॉथ यांना आपल्या पुस्तकाचा उगम ठाऊक होता, यात शंका नाही. पण निरोप धाडणारी व्यक्ती खरोखर रॉथ आहे की नाही आणि त्यांनी नेमके काय म्हटले, हे दहा वर्षांनी तो लेख वाचणाऱ्याला तपासता आले असते ते केवळ प्रसिद्ध झालेल्या पत्रामुळे. शिवाय कादंबरी कशातून सुचली हे लेखक सांगू शकतो. ती जगाच्या लेखी दखल घेण्याजोगी ठरली का, हे सांगण्याचा अधिकार त्याला कसा असेल?

या सगळ्या कसोटीत चांगली पुस्तके बाहेर राहतात का? राहतात. हा प्रश्न मी टाळू इच्छित नाही, कारण याच प्रश्नामुळे मी या कामात पडलो. उपेक्षित राहून पुढे गाजलेल्या कादंबऱ्यांचे दाखले चर्चेत नेहमी दिले जातात आणि त्यांत अमेरिकी कादंबरीकार जॉन विल्यम्स यांची ‘स्टोनर’ बहुधा असतेच. १९६५ मध्ये आलेल्या या कादंबरीच्या दोन हजारांच्या आसपास प्रती खपल्या आणि लवकरच ती बाजारातून नाहीशी झाली. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये तिची नवी आवृत्ती निघाली, २०११ मध्ये फ्रेंच कादंबरीकार आना गाव्हाल्दा यांनी केलेले फ्रेंच भाषांतर आले, आणि त्यानंतर युरोपभर तिचे वाचक झाले. तोपर्यंत विल्यम्स यांना जाऊन बरीच वर्षे लोटली होती. आज असा नियम लावला असता तर ‘स्टोनर’ सुद्धा काढून टाकली असती, असे म्हणून लोक थांबतात. मी ही गोष्ट जरा खोलात जाऊन पाहिली. १९६६ मध्ये ‘द न्यू रिपब्लिक’मध्ये अमेरिकी समीक्षक अर्व्हिंग हाऊ यांनी तिच्यावर गांभीर्याने लिहिले होते. १९७३ मध्ये ती ब्रिटनमध्ये आली तेव्हा इंग्रज कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये लिहिले आणि ही कादंबरी प्रसिद्ध का नाही, असा थेट प्रश्न केला. म्हणजे ज्या काळात ती कोणाच्याही खिजगणतीत नव्हती असे आपण समजतो, त्या काळातही स्वतंत्र परीक्षणे अस्तित्वात होती. नियम खपावर नव्हता, लोकप्रियतेवर नव्हता; दोन माणसांनी ती वाचून तिच्यावर लिहिले होते आणि तेवढ्याने ती पात्र होती. अमेरिकी लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ सालच्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’विषयी हेच म्हणता येईल. तिच्यावर त्या काळी परीक्षणे आली, काही अत्यंत कठोर आली, मग ती दीर्घकाळ अनुपलब्ध राहिली, आणि १९७५ मध्ये लेखिका अॅलिस वॉकर यांनी लिहिलेल्या एका लेखानंतर लोक पुन्हा तिच्याकडे वळले. एकदा झालेली दखल काळाबरोबर संपत नाही, असे विकिपीडियाचा नियम सांगतो, आणि त्या नियमात मला उपेक्षितांविषयी पुष्कळ माया दिसते.

पण ज्या पुस्तकाला कोणी हाऊ भेटलाच नाही त्याचे काय, हा प्रश्न या दाखल्यांनी सुटत नाही. परीक्षणासाठी कोणती पुस्तके निवडली जातात हे सर्वत्र सारखे नसते. मोठ्या प्रकाशकाची प्रत समीक्षकाच्या टेबलावर वेळेत पोहोचते, छोट्या प्रकाशकाची पोहोचत नाही. ज्या भाषांत वाङ्मयीन नियतकालिके थोडी आहेत, किंवा होती ती बंद पडली आहेत, त्या भाषांतल्या कादंबरीला दोन परीक्षणे मिळणे इंग्रजी कादंबरीपेक्षा कितीतरी कठीण असते. बायकांच्या लेखनाकडे समीक्षेने किती काळ पाठ फिरवली होती हे वेगळे सांगायला नको. समीक्षेने ज्यांना गाळले त्यांना ज्ञानकोशही गाळतो, आणि ही गळती आपल्याच्याने दुरुस्त होणारी नाही हे मान्य करताना मला अजूनही त्रास होतो. ज्ञानकोशाने स्वतः निवाडा करायला सुरुवात केली तर ती माझी आवड, तुमची आवड आणि ज्याला जास्त वेळ आहे त्याची आवड होईल, हे मला पटते. तरीही त्रास होतो.

म्हणूनच शोधण्याच्या कामात कसूर करणाऱ्या संपादकाचा मला राग येतो. नियम असा आहे की स्रोत लेखात नोंदवलेले असणे आवश्यक नाही, ते अस्तित्वात असणे पुरेसे आहे. लेख काढण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्याने आधी स्वतः शोध घ्यावा, अशीही अपेक्षा आहे. स्रोत कोणत्याही भाषेतला चालतो, आणि तो आंतरजालावर असलाच पाहिजे असेही नाही. ग्रंथालयातल्या बांधीव खंडात असलेले परीक्षण तितकेच ग्राह्य असते. प्रत्यक्षात मात्र शोधयंत्रात पुस्तकाचे इंग्रजी नाव टाकायचे, पहिल्या पानावर विक्रीचे दुवे दिसले की ‘काही सापडले नाही’ असे लिहायचे, अशी घाई सर्रास होते. १९९० च्या आधीच्या कादंबऱ्यांच्या बाबतीत ही घाई अन्यायाची आहे, कारण त्या काळची परीक्षणे फार मोठ्या प्रमाणात आजही कागदावरच आहेत. भाषांतरित कादंबरी असेल तर मूळ नावाने, मूळ लिपीत शोध घेतल्याशिवाय मत देऊ नये, असा मी स्वतःपुरता दंडक घालून घेतला आहे.

आणि सापडले नाही तर? तेव्हा ठेवणे किंवा काढणे असे दोनच मार्ग समोर आहेत असे समजून लोक हातघाईवर येतात. बहुतेक वेळा तिसरा मार्ग अधिक शहाणपणाचा असतो. कादंबरीविषयी जे दोन-तीन परिच्छेद खात्रीने लिहिता येतात ते लेखकाच्या लेखात विलीन करावेत आणि कादंबरीच्या नावाने शोधणाऱ्याला तिथे नेऊन पोहोचवणारे पुनर्निर्देशन ठेवावे. निकष कसाबसा पूर्ण होत असला तरी कधी कधी हेच योग्य ठरते; दोन आखूड परीक्षणांवर उभा केलेला स्वतंत्र लेख वाचकाला जेवढे देतो त्याहून अधिक त्याच मजकुराला लेखकाच्या इतर पुस्तकांच्या शेजारी ठेवून देता येते. एखाद्या लेखाविषयी निर्णय होत नसला की मी मनाशी लेखाचा सांगाडा मांडून पाहतो. कथानक बाजूला ठेवले, माझी मते बाजूला ठेवली, तर किती वाक्ये उरतात? सहा-सात उरत असतील तर त्यांना स्वतंत्र घराची गरज नाही. वीस उरत असतील तर मी लेखाच्या बाजूने उभा राहतो.

चर्चा साधारण सात दिवस चालते आणि ती मतांच्या मोजणीने संपत नाही. प्रचालक, म्हणजे पाने काढण्याचे अधिकार असलेला सदस्य, युक्तिवाद वाचून सहमती कुठे झुकते ते पाहतो. म्हणून एका दिवसात उघडलेल्या दहा नव्या खात्यांनी ‘ठेवा’ असे लिहिले तरी त्याने काही साधत नाही, आणि ती खाती एकाच माणसाची निघाली तर पुस्तकाच्या नावाला उलट बट्टा लागतो. या चर्चांतला सर्वांत कठीण प्रसंग माझ्यासाठी वेगळाच आहे. कधी कधी लेखक स्वतः तिथे येतो. एकदा स्वतःच्या खर्चाने कादंबरी काढलेले एक गृहस्थ आले होते. हा लेख आपणच लिहिल्याचे त्यांनी न लपवता सांगितले, पुस्तकावर घालवलेल्या वर्षांविषयी लिहिले, आणि एवढे पान राहू द्यावे अशी विनंती केली. स्वतः प्रकाशित केलेले पुस्तक म्हणून ते अपात्र ठरत नव्हते. अँडी वीअर यांची ‘द मार्शियन’ २०११ मध्ये लेखकाने स्वतःच बाजारात आणली होती, २०१४ मध्ये प्रकाशन संस्थेने ती काढली आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. या गृहस्थांच्या पुस्तकावर मात्र कोणी एक ओळही लिहिलेली नव्हती. मी दोन संध्याकाळी शोधले. मग ‘काढावे’ असे मत नोंदवले आणि त्यांच्या चर्चापानावर जाऊन त्यांना लिहिले की हा निर्णय आपल्या कादंबरीच्या गुणांविषयी नाही, मी ती वाचलेलीही नाही. पाठवल्यावर माझ्या लक्षात आले की त्यांना सगळ्यात जास्त लागेल ते शेवटचे वाक्यच. तेव्हापासून मी तसे वाक्य लिहीत नाही. पुस्तक मिळण्यासारखे असेल तर निदान त्यातली काही प्रकरणे वाचल्यावाचून मी आता मत देत नाही. नियमाला याची गरज नाही, मला आहे.

माझ्या त्या पहिल्या लेखाचे पुनर्निर्देशन झाले होते. सातव्या दिवशी प्रचालकाने चर्चा मिटवली, आणि कादंबरीचे नाव टाकणारा वाचक तेव्हापासून लेखकाच्या पानावर पोहोचू लागला. पुनर्निर्देशनामागे पानाचा इतिहास शाबूत असतो, त्यामुळे माझे अठराशे शब्द अजूनही तिथे कोणालाही उघडून वाचता येतात. पुढे कादंबरीची मूळ भाषा जाणणाऱ्या एका सहसंपादकाला मी मूळ नाव कळवून शोध घेण्याची विनंती केली. काही महिन्यांनी त्याच्याकडून एका वाङ्मयीन त्रैमासिकाच्या जुन्या खंडातल्या चार पानांची छायाचित्रे आली, सोबत त्याने केलेला सारांश होता. ते परीक्षण कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षीचे होते, विस्तृत होते, आणि कादंबरीतले मौन ही लेखकाची युक्ती आहे की असमर्थता, या प्रश्नाशी ते चारही पाने झुंजत होते. मला सुचले नव्हते असे बरेच त्यात होते. म्हणजे एक परीक्षण मिळाले. त्यानंतर दुसरे मिळाले नाही. एका वार्षिक सूचीत तीन ओळींची नोंद सापडली, पण ती जाता जाता केलेली होती आणि ती धरा असे मीच कोणाला सांगितले नसते.

गेल्या वर्षी मी त्या कादंबरीवर मराठीत एक दीर्घ लेख लिहिला आणि एका नियतकालिकाने तो संपादित करून छापला. लिहिताना विकिपीडिया माझ्या मनात नव्हता असे मी म्हणणार नाही. पण लेख छापून हातात आला तेव्हा हिशेब माझ्या समोर स्वच्छ उभा राहिला. लेखकाशी वा प्रकाशकाशी माझा काही संबंध नाही, स्रोत कोणत्याही भाषेतला चालतो, लेख विस्तृत आहे, आणि आता परीक्षणे दोन आहेत. फक्त त्यांतले दुसरे माझे आहे. स्वतः छापलेल्या मजकुराचा हवाला स्वतःच देऊन पुनर्निर्देशन उठवायचे आणि वर्षांपूर्वी हरलेली चर्चा जिंकायची, हे मला जमण्यासारखे नव्हते. त्या गृहस्थांच्या पानाविषयी मत नोंदवणारा मीच होतो. म्हणून पुनर्निर्देशित पानाच्या चर्चापानावर मी दोन्ही परीक्षणांचे तपशील लिहिले, दुसरे परीक्षण माझे असल्याचे नमूद केले, आणि ते धरायचे की नाही हे इतर कोणीतरी ते वाचून ठरवावे अशी विनंती करून खाली सही केली. याच कारणाने कादंबरीचे नाव मी इथे घेतलेले नाही. ज्याने ठरवायचे त्याने माझ्या आग्रहाने तिथे पोहोचू नये, असे मला वाटते. आज सकाळी पाहिले तेव्हा त्या विनंतीखाली कोणाचे उत्तर आलेले नव्हते, आणि कादंबरीचे नाव अजून लेखकाच्याच पानावर नेऊन पोहोचवत होते.